गल्ली कुठे जाऊन थांबते?

सहा डिसेंबरला दादरला येणारे आपले कितीतरी बांधव ‘राजगृह’ पाहून जातात. हिंदू कॉलनीतल्या त्या गल्ल्या आठवून पाहा. एक गल्ली चुकली तरी माणूस अडत नाही. पुढच्या गल्लीतून वळून मुख्य रस्त्याला लागतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्यात आधी रस्ते आखले, मग घरे उठली. याच ट्रस्टने गरिबांच्या कितीतरी खोल्या पाडल्या, हेही विसरता येणार नाही. पण त्याने रस्ता रस्त्याला जोडला.

शहर उपनगरांत पसरत गेले तसे हे उलटे झाले. आधी इमारती, मग रस्ता. ज्याची जमीन त्याचा रस्ता, आणि शेवटी भिंत. आता तर फाटक आणि वॉचमनही. हे आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत मोटारगाड्या वाढल्या तशा टोकाला बंद होणाऱ्या गल्ल्या वाढत गेल्या. बॅरिंग्टन-ली आणि मिलर्ड-बॉल या दोन अभ्यासकांनी २०१५ साली दाखवून दिले, की १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर मात्र तिथे नवे रस्ते पुन्हा जोडून बांधले जाऊ लागले.

गाडीवाल्याला दोन वळणे जास्त पडली तर काय बिघडते? भुर्दंड पडतो तो पायी चालणाऱ्याला. समजा, शाळा भिंतीपलीकडे शंभर पावलांवर आहे. रस्ता वळसा घालून गेला की तेच अंतर एक किलोमीटर होते. दप्तर घेतलेले पोर ते रोज दोनदा चालते. पहाटे धुणीभांड्याला निघालेली बाई चालते. बस आत वळू शकत नाही, म्हणून थांबा दूर. आग लागली तर बंब एकाच तोंडाने आत यायचा.

रस्ता कोणाचा, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. त्रावणकोर संस्थानात १९२४ साली वायकोमचा सत्याग्रह झाला, तो देवळात शिरण्यासाठी नव्हता. देवळाभोवतीच्या रस्त्यावरून चालता यावे म्हणून होता.

शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या जातात. नकाशा पाहायला गेलात तर आपले घर शोधून परत येऊ नका. आपल्या गल्लीची रेघ पुढच्या रस्त्याला मिळते की मध्येच तुटते, ते पाहा. तुटत असेल तर चार शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन लेखी हरकत द्या आणि पोचपावती जपून ठेवा.