नाक बारीक करताना श्वास जपा

‘चाफेकळीसारखे नाक’ हे आपल्याकडचे सौंदर्याचे जुने माप. त्यात न बसणाऱ्या मुलामुलींना शाळेपासून टोमणे ऐकावे लागतात आणि लग्नाचे वय झाले की ‘नाक ऑपरेशनने बारीक होते का हो डॉक्टर?’ असे विचारत ती कान-नाक-घसा विभागात येतात. होते, हे खरे. पण नाक नेमके कुठे रुंद आहे, यावर उपाय ठरतो.

आपले नाक चिमटीत धरून पाहा. वर डोळ्यांच्या मध्ये कडक लागते ते हाड. त्याखाली लवचिक लागते ती कूर्चा, म्हणजे कानाच्या वरच्या भागात असते तशी मऊ हाडासारखी पेशीरचना. हाडाचा भाग पसरट असेल, तर बारीक छिन्नीने दोन्ही बाजूंची हाडे कापून मध्याकडे सरकवतात. शेंडा गोल असेल, तर तिथल्या कूर्चेची पातळ पट्टी काढतात आणि उरलेली कूर्चा टाक्यांनी वळवून निमुळती करतात. गरज पडल्यास नाकाच्या पडद्यातली किंवा कानातली कूर्चा आधाराला लावतात. नाकपुड्याच फेंदारलेल्या असतील, तर त्यांच्या बुडाशी छोटी पाचर कापून टाके घालतात. हा व्रण गालाच्या घडीत बराचसा लपतो. काही रुग्णांत हे सारे नाकाच्या आतून करता येते, काहींत दोन नाकपुड्यांमधल्या खांबावर छोटा छेद द्यावा लागतो.

यात त्वचेचा वाटा मोठा असतो. जाड, तेलकट त्वचेखाली कूर्चा कितीही कोरली तरी बाहेर फारसे दिसत नाही. गादीवर जाड रजई टाकली की खालचा आकार कळत नाही, तसेच हे. अशा वेळी ‘अजून थोडे काढा’ हा आग्रह घातक ठरतो. आधार गेलेला शेंडा पुढे खाली बसतो किंवा वेडावाकडा होतो. शिवाय नाकाच्या आत, मध्याच्या सुमारास, हवेची वाट सर्वांत अरुंद असते. तिथला कूर्चेचा आधार कमी झाला, तर श्वास घेताना नाकाची बाजू आत ओढली जाते आणि नाक कायमचे चोंदल्यासारखे वाटते. ते दुरुस्त करायला पुन्हा शस्त्रक्रिया लागते, कधी बरगडीची कूर्चाही घ्यावी लागते.

म्हणून घरीच एक तपासणी करा. नाकाशेजारच्या गालावर बोट ठेवून गाल हलकेच बाहेर ओढा. श्वास एकदम मोकळा झाला, तर आतली वाट आधीच अरुंद असू शकते. हे सर्जनला आवर्जून सांगा.

लग्नाची तारीख दोन महिन्यांवर असताना हे ऑपरेशन करू नये. नाकावरची पट्टी साधारण आठवड्याने निघते, डोळ्यांखालचे काळेनिळे डाग दोनेक आठवड्यांत जातात. पण शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्ष, जाड त्वचेत त्याहूनही जास्त काळ लागतो. वाढीच्या वयातही ते टाळावे. मुलींनी साधारण सोळा आणि मुलांनी अठरा वर्षांपर्यंत थांबणे बरे. केवळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा देत नाही, हेही लक्षात ठेवा.

बाजारातले चिमटे आणि मालिशची तेले यांनी हाड वा कूर्चा बदलत नाही. ‘फिलर’ची इंजेक्शने नाकात भर घालतात, ते कमी करत नाहीत. हे द्रव्य रक्तवाहिनीत गेले तर त्वचा काळी पडून मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. उतारवयात नाक लाल होऊन फुगत चालले असेल, तर तो त्वचेचा आजार असू शकतो. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

सेल्फी पाहून तर निर्णय घेऊच नका. जवळची वस्तू कॅमेऱ्यात मोठी दिसते. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एक फुटावरून काढलेल्या छायाचित्रात नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसते, असे आढळले. पाच फुटांवरून दुसऱ्याकडून फोटो काढून घ्या आणि मग ठरवा. दिवसाचे तासन् तास आरशासमोर जात असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोला.

एवढे करूनही इच्छा कायम असेल, तर प्लास्टिक सर्जन किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि तीन गोष्टी विचारा: माझ्या नाकाचा कोणता भाग रुंद आहे? माझ्या त्वचेत किती फरक दिसेल? आणि श्वासाची वाट शाबूत ठेवण्यासाठी तुम्ही काय कराल? सोबत सासरचे-माहेरचे कुणीही येवोत, उत्तरे मात्र ज्याचे नाक आहे त्यानेच ऐकावीत आणि होकार-नकारही त्यानेच द्यावा.