११५ किलो

लातूरच्या एका परिचितांनी मला मोबाइलवर वहीच्या एका पानाचा फोटो दाखवला. रेघी कागद, निळी शाई, आखलेला समास. वर तारीख आणि खाली ओळीनं उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. मांडणी शाळेतल्या प्रयोगवहीची, पण प्रयोग होता एस्प्रेसो कॉफीचा. साहित्यात ‘कॉफी १६ ग्रॅम’, निरीक्षणात ‘पहिला थेंब नवव्या सेकंदाला, कपात ३२ ग्रॅम, एकूण वेळ २२ सेकंद’ आणि अनुमानात एकच शब्द, ‘आंबट’. वही मुरुडच्या एका निवृत्त विज्ञानशिक्षकांची होती. बिघडलेल्या कपाची इतकी नीट नोंद ठेवणाऱ्या माणसाला भेटायलाच हवं, असं मला वाटलं.

हे मुरुड लातूर-बार्शी रस्त्यावरचं. इकडे सोयाबीन, तूर, ऊस आणि दिवसातून कितीही वेळा चालणारा गोड चहा. कॉफी घरात येते ती बहुतेक पाहुण्यांसाठी, दूध आटवून, वर जायफळ किसून. बिनदुधाची, बिनसाखरेची, दोन घोटांची कॉफी इथे कोणी रोज सकाळी करत असेल हे कोणाच्या मनातही येणार नाही.

सरांचं स्वयंपाकघर लहान आहे. ओट्याच्या एका टोकाला गॅस, दुसऱ्या टोकाला ते यंत्र. जड बैठक, त्यावर उभा खांब, खांबाच्या माथ्याला बिजागरी आणि तिच्यातून पुढे आलेला लांब दांडा. दांड्याखाली स्टीलचं नळकांडं, त्यात दट्ट्या, नळकांड्याच्या तळाशी बारीक छिद्रांची वाटी. बाजूला दाब दाखवणारा काटा. वायर नाही, बटण नाही, मोटार नाही. बंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलीनं सरांच्या निवृत्तीनंतर ते आणून दिलं.

“दुसऱ्या प्रकारची तरफ,” सर म्हणाले. “टेकू एका टोकाला, बल दुसऱ्या टोकाला, भार मधी. अडकित्ता कसा असतो? तसं.” पानाच्या डब्यातला अडकित्ता काढून त्यांनी यंत्राशेजारी ठेवलासुद्धा. मग वहीच्या मागच्या पानावरचा हिशेब दाखवला. दट्ट्याचा व्यास ४ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण साडेबारा चौरस सेंटिमीटर. एस्प्रेसोला दाब लागतो ९ बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ९ किलोहून थोडा जास्त. “गुणाकार करा. ११५ किलो.” टेकूपासून दट्ट्या ५ सेंटिमीटरवर आणि मूठ ३० सेंटिमीटरवर, म्हणून सहापट फायदा. हाताच्या वाट्याला येतात १९ किलो. “मी १९ देतो, कॉफीला ११५ मिळतात.” त्या सकाळी त्यांनी ११५ हा आकडा किती जणांना सांगितला असेल! मला सांगितला, शेजारून आलेल्या मुलाला सांगितला, फोनवर मुलीला पुन्हा सांगितला. आकडा सांगताना त्यांचा आवाज किंचित चढतो. आयुष्यभर फळ्यावर काढलेली तरफ म्हातारपणी हाताखाली आली, याचा आनंद त्या आवाजात आहे.

पण सर सुरुवात तरफेपासून करत नाहीत. सुरुवात पाण्यापासून होते.

मुरुडचं बोअरचं पाणी काळ्या बेसॉल्ट खडकातून येतं आणि जड असतं. तापवायच्या पातेल्याला आतून पांढरा थर धरतो, तो इथल्या प्रत्येक घरात पाहायला मिळतो. कॉफीत हे पाणी घातलं की त्यातले क्षार कॉफीचं आम्ल मारून टाकतात आणि चव मातकट, बसकी होते. उलट नुसतं जारचं पाणी घेतलं तर त्यात क्षार जवळजवळ उरलेलेच नसतात. मग कॉफी पातळ आणि टोचरी लागते. कॉफीतला स्वाद ओढून घ्यायला पाण्यात थोडं कॅल्शियम, थोडं मॅग्नेशियम लागतंच. सरांनी वहीची कित्येक पानं या एकाच गोष्टीवर खर्च केली आहेत. शेवटी ठरलं ते असं: तीन वाट्या जारचं, एक वाटी बोअरचं. कपात जे उतरतं त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग पाणीच असतो. मोठ्या शहरातल्या महागड्या यंत्रांपुढे उभी राहणारी माणसं दाण्यांबद्दल तासन्‌तास बोलतात, पाण्याबद्दल क्वचित. मुरुडच्या माणसाला पाणी विसरता येत नाही.

नळकांडं आधी तापवावं लागतं. थंड धातू पाण्याची उष्णता खातो आणि कॉफी आंबट निघते. मी फोटोत पाहिलेल्या पानावरचा दोष अर्धा तोच होता. त्यासाठी उकळतं पाणी नळकांड्यात भरून मिनिटभर ठेवायचं आणि काढून टाकायचं. बहुतेक जण ते बेसिनमध्ये ओततात. सरांच्या ओट्यावर त्यासाठी वेगळं पातेलं आहे. त्यातलं पाणी भांड्यांना जातं, उरलं तर तुळशीला, निवल्यावर. एप्रिल २०१६ मध्ये लातूरसाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास, पहिल्या खेपेला दहा टाक्यांमधून पाच लाख लिटर, पुढे पन्नास टाक्यांची गाडी. कुर्डुवाडीहून लातूरकडे येणारी ही लाइन मुरुडवरूनच जाते. त्या उन्हाळ्याबद्दल सर फार बोलले नाहीत. फक्त पातेलं सरकवून यंत्राच्या आणखी जवळ ठेवलं.

मुरुड समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. नळकांड्यात ओतेपर्यंत ते तीन-चार अंश आणखी उतरतं. एस्प्रेसोला साधारण ९० ते ९६ अंश लागतात, म्हणजे आधणाचं पाणी थेट ओतलं तरी चालतं.

दाणे चिकमगळूरचे. बहुतेक अरेबिका, मूठभर रोबस्टा. पाकिटावर भाजल्याची तारीख आहे की नाही ते सर सगळ्यात आधी पाहतात, कारण जुन्या दाण्यांतला वायू उडून गेलेला असतो आणि मग वर सोनेरी साय धरत नाही. भारतीय कॉफीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक इटली आहे, तिथल्या एस्प्रेसोत आपला रोबस्टा भरपूर जातो. ती कॉफी इटलीला जाते आणि कर्नाटकाला लागून असलेल्या लातूर जिल्ह्यात ती पिणारं घर शोधावं लागतं, याचं मला वाईट वाटतं.

हातानं फिरवायच्या ग्राइंडरमध्ये १६ ग्रॅम दळले, सुईनं गुठळ्या मोडल्या, वाटीत सारखे पसरले, दाबले. पूड रव्याहून बारीक, मैद्याहून जाड. दळताना जो वास सुटला तो मी घरी आल्यावरही विसरू शकलो नाही. भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळचा, पण खाली कुठेतरी गुळाच्या काकवीची ओढ असलेला. काकू पलीकडे भाकरी थापत होत्या आणि तव्यावरच्या ज्वारीचा वास त्यात मिसळत होता.

मग सरांनी पाणी ओतलं, दट्ट्या बसवला आणि दांडा दोन्ही हातांनी धरला.

इथून पुढची नऊ सेकंदं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. दांडा अलगद खाली येतो, काटा दोन-तीन बारवर थांबतो आणि काहीच होत नाही. कपात थेंबही पडत नाही. पाणी कोरड्या पुडीत शिरत असतं, पूड फुगत असते, फटी बुजत असतात. “घाई करायची नाही,” सर पुटपुटले. ते काट्याकडे पाहत नव्हते, मनगटांकडेही नाही. मान थोडी कलती करून नुसते उभे होते. मग मुठीखाली काहीतरी घट्ट झालं असावं, कारण त्यांनी स्वतःहून वजन टाकलं. काटा ९ वर गेला. वाटीच्या तळाला काळपट टिकल्या उमटल्या, एकत्र आल्या आणि मधाच्या जाडीची तपकिरी धार उतरू लागली. “आता बगा, कसं यायलंय.”

धार फिकी व्हायला लागली तसा त्यांनी हात सैल केला. नवाचे आठ, सात, सहा. पुडीतला अर्क निघून जातो तसा तिचा विरोध कमी होतो. तेव्हाही तेवढ्याच जोरानं दाबत राहिलं तर पाणी धावतं आणि कडवटपणा खरवडून आणतं. हे ढिलं सोडणं कुठे लिहिलेलं नाही, काट्यावर दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. हाताला आधी कळतं. ३२ ग्रॅम, ३४ सेकंद.

मिलानमध्ये १९०१ साली लुइजी बेझेरानं एस्प्रेसोचं जे यंत्र पेटंट केलं, ते वाफेच्या दाबावर चालायचं. वाफेनं दीड बारच्या आसपासच दाब मिळायचा आणि कॉफी करपायची. त्याच शहरात अकिले गाजिया या कॉफीबारवाल्यानं १९३८ मध्ये दट्ट्याचं पेटंट घेतलं आणि महायुद्ध संपल्यावर, १९४७-४८ च्या सुमाराला, स्प्रिंगचा दांडा असलेली यंत्रं आणली. दांडा ओढला की स्प्रिंग दबायची, सोडला की ती दट्ट्याला खाली ढकलायची: आधी जोरात, मग हळूहळू कमी. कॉफीवरची ती जाड सोनेरी साय लोकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ या यंत्रात मोटारीचा पंप आला आणि बारमधल्या माणसाच्या हातून जोराचं काम गेलं. योगायोग असा की घरगुती दांड्याचं ‘युरोपिकोला’ हे ला पावोनी कंपनीचं यंत्रही १९६१ चंच. मोटारीनं सगळे कप एकसारखे होऊ लागले, गिऱ्हाइकांच्या रांगेसाठी ते बरंच झालं. पण एका वेळी एक कप करणाऱ्या घरात मोटारीची गरज मला दिसत नाही. आणि ज्या गावात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही तिथे तर नाहीच.

शेजारचा मुलगा सरांचा जुना विद्यार्थी. लातूरच्या आडत बाजारात हमाली करतो, सुटीच्या दिवशी डोकावतो. ११५ किलो ऐकून त्यानं बाह्या वर केल्या. “सर, एवढं तर आम्ही रोज उचलतो.” सरांनी दुसरी वाटी भरून दिली. त्यानं दांडा धरला आणि एका दमात खाली आणला. काटा बारापर्यंत उसळला, वाटीच्या एका कडेनं पिचकारी उडाली, ओट्यावर तपकिरी शिंतोडे. पाण्याला पुडीत एक वाट सापडली होती आणि सगळं पाणी तिथूनच पळालं. बाकीची पूड कोरडीच राहिली. सरांनी वाटी उपडी करून ते भोक त्याला दाखवलं, वर्गात दाखवत असतील तसंच, बोट ठेवून.

दुसऱ्यांदा तो थांबला. दोन सेकंद, चार सेकंद. “सर, हे काहीच पडंना की.”

“पडू दे. तू धर नुसतं.”

सातव्या-आठव्या सेकंदाला त्याचा चेहरा बदलला. “आलं,” तो म्हणाला. थेंब अजून पडला नव्हता. त्याच्या तळहाताला आला होता. मग त्यानं स्वतःहून जोर वाढवला आणि धार नीट उतरली. “जोराचं काम नाही ओ हे,” दांडा सोडून हात झटकत तो म्हणाला, “दम धरायचं काम आहे.” या कामाबद्दल मी जे काही वाचलं होतं त्यात इतकं नेमकं वाक्य नव्हतं. दिवसभर पाठीवर ओझं घेणाऱ्या माणसाला जोर आणि दम यांतला फरक आपल्यापेक्षा आधी कळतो.

कॉफी मात्र त्याला आवडली नाही. एक घोट घेतला, गिळला, पाणी मागितलं. काकूंनी त्याचा कप उचलला, पातेल्यातल्या गरम दुधात रिकामा केला, साखर घातली, किसणीवर जायफळ दोनदा फिरवलं आणि दोन स्टीलच्या ग्लासांत ओतून त्याला आणि मला दिलं. “आधी मी भुकटी उकळत होते,” त्या म्हणाल्या. “आता ह्यांनी दाबून दिलेलं घालते. दूध जास्त लागत नाही.” खरंच, दुधातही कॉफी उठून दिसत होती, जायफळ मागून आलं, पुढे नाही. सर आपली काळी घेत होते आणि आमच्या ग्लासांकडे पाहून त्यांना जराही खंत वाटलेली दिसली नाही. काकूंच्या ग्लासाचीही नोंद वहीत झाली: ‘दूध १०० मिली, जायफळ किंचित, अनुमान: उत्तम’.

या छंदाला खर्चाचं वेड म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि दुकानांच्या चकचकीत काचांमागची यंत्रं पाहिली की मलाही तसं वाटतं. सरांच्या ओट्यावर तसं वाटलं नाही. वहीत एका वेळी एकच गोष्ट बदललेली आहे: आज पाणी, उद्या दळण, परवा तापमान. बाकी सगळं तसंच. ‘आंबट’ लिहिलेल्या त्या पानापुढे ‘कमी आंबट’, ‘बरी’, ‘कडू’, पुन्हा ‘बरी’ अशी अनुमानं आहेत. जोपर्यंत दोन सकाळी सारख्या जात नाहीत तोपर्यंत सर ‘उत्तम’ लिहीत नाहीत. काकूंचा ग्लास तेवढा अपवाद.

सध्या अडचण आहे ती दट्ट्याभोवतीच्या रबरी कड्याची. रोज ११५ किलो सोसून ते झिजलं आहे, बाजूनं थोडं पाणी वर येतं आणि काटा सातच्या पुढे जायला कुरकुर करतो. लातूरला पंपाचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात त्याच मापाची ओ-रिंग मिळाली, पण ती तेलात चालणारी, गरम पाण्यात तिचा वास सुटला. सरांनी तिच्यावरही एक पान लिहिलं आणि ती काढून ठेवली. खाण्याच्या पदार्थाला चालणारं सिलिकॉनचं कडं मुलगी येताना आणणार आहे. तोवर ते सहा बारवर, थोडं जाड दळून कॉफी काढतायत. त्या हिशेबात दट्ट्यावर ७७ किलो येतात, तेही त्यांनी मला लगेच सांगितलं.