तवसाळचा धक्का आणि संगणकांची रांग

लेखमाला : संगणकाच्या पोटात – भाग ९

वेळणेश्वरहून जयगडमार्गे गणपतीपुळ्याला जायचं तर तवसाळच्या धक्क्यावर यावं लागतं. शास्त्री नदी इथे समुद्राला मिळते आणि फेरीबोट गाड्यांसकट माणसांना पलीकडे नेते. मे महिन्यात धक्क्यावर चांगली लांब रांग लागते. अशा वेळी मी गाडीतून उतरून बोटीवर गाड्या लावणाऱ्या माणसाकडे बघत उभा राहतो. आधी टेम्पो मधोमध घ्यायचा, मोटारी दोन्ही अंगांना, आणि मग रांगेत पार मागे असलेल्या दुचाक्यांना हात करून पुढे बोलवायचं आणि टेम्पो व कठड्यामधल्या फटीत बसवायचं, हा त्याचा क्रम. रांगेत पुढे असलेला एखादा मोटारवाला हमखास कुरकुरतो, "आम्ही आधी आलोय." पण त्या फटीत मोटार मावणारच नसते. दुचाकी आत गेल्याने मोटारीला एका मिनिटाचाही उशीर होत नाही, आणि बोट मात्र भरून निघते.

गेल्या आठवड्यात आपण ग्रिड कॉम्प्युटिंगची ओळख करून घेतली : निरनिराळ्या संस्थांच्या, निरनिराळ्या गावांतल्या संगणकांची ताकद नेटवर्कने जोडायची आणि गरज असेल त्याला वापरू द्यायची. आजचा विषय त्याच्या पुढचा आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. ही ताकद वाटायची कशी? आणि 'तुमचं काम अमुक वेळेत होईल' असा शब्द कुणी, कशाच्या बळावर द्यायचा?

ग्रिड हे नाव विजेच्या जाळ्यावरून आलं. इयन फॉस्टर आणि कार्ल केसेलमन यांनी 'द ग्रिड' या १९९८ च्या ग्रंथात हीच उपमा रुजवली. बटण दाबलं की दिवा लागतो, वीज कुठून आली हे कुणी विचारत नाही. संगणनाची ताकदही तशीच मिळावी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला ही उपमा दोन पावलांवर भेटते. चिपळूण तालुक्यात पोफळी आणि अलोरे इथे कोयनेची वीजघरं आहेत, तर आमच्या गुहागर तालुक्यात अंजनवेलला दाभोळचा वायूवर चालणारा प्रकल्प.

कोयनेकडे बघा. धरणाचं पाणी पश्चिमेकडे वळवून वीज करायला कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. वीजघरांची एकूण क्षमता १९६० मेगावॉट; पण ती बारा महिने चोवीस तास चालवायची म्हटली तर पाण्याचा कोटा केव्हाच संपेल. म्हणून संध्याकाळी मागणी चढते तेव्हा कोयना चालवायची, कारण जलविद्युत संच काही मिनिटांत भार उचलतो. कोटा ठरलेला, गरज चढती-उतरती, आणि कुणीतरी बसून कधी किती वापरायचं ते ठरवतंय. संसाधन व्यवस्थापन म्हणतात ते हेच. महासंगणक वापरणाऱ्या संशोधकालाही वर्षाला ठरावीक 'कोअर-तास' मिळतात. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे हिशेब करणारा भाग; एक कोअर एक तास वापरला की त्यातला एक कोअर-तास खर्ची पडला.

अंजनवेलचा धडा वेगळा आहे. एन्रॉन कंपनीच्या दाभोळ प्रकल्पाचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. करार असा की वीज उचला अगर न उचला, क्षमता राखून ठेवल्याचा आकार वीज मंडळाने भरायचाच. बदल्यात कंपनीचाही एक शब्द होता : मागणी आल्यावर ठरलेल्या वेळात पूर्ण क्षमतेवर यायचं. जानेवारी २००१ मध्ये मंडळाने मागणी केली तेव्हा प्रकल्प ठरल्या वेळेत तिथवर पोचला नाही, असा आक्षेप घेऊन मंडळाने सुमारे चारशे कोटींचा दंड लावला. कंपनीने तो मानला नाही. त्याच वर्षी मे महिन्यात मंडळाने करारच मोडीत काढला आणि संच थंडावले. एन्रॉनच्या राजकारणावर पुष्कळ लिहून झालं आहे. मला त्यातली एकच बाजू इथे हवी आहे : राखीव क्षमता फुकट नसते, आणि राखून ठेवलेली क्षमता वेळेवर मिळाली की नाही याचं मोजमाप आधीच ठरवावं लागतं. ग्रिडमध्ये अशा कराराला सेवापातळीचा करार म्हणतात.

विजेची उपमा इथवर कामाला येते. पोफळीचं युनिट आणि अंजनवेलचं युनिट तारेत शिरलं की एकच. संगणनाचं तसं नाही. एखाद्या कामाला १२८ जीबी मेमरी लागते, एखाद्याला विशिष्ट सॉफ्टवेअर लागतं, एखाद्याचा डेटा इतका मोठा असतो की तो दुसऱ्या गावी धाडण्यापेक्षा काम डेटाजवळ नेणं स्वस्त पडतं. शिवाय प्रत्येक यंत्राचा मालक वेगळा, त्याचे नियम वेगळे. म्हणून ग्रिडमध्ये एक मध्यस्थ लागतो, शेड्युलर. कुठलं यंत्र मोकळं आहे, कुठलं या कामाला चालेल, रांगेत कोण आहे, कुणाचा कोटा उरला आहे, हे सगळं बघून तो काम पाठवतो. तवसाळच्या धक्क्यावरचा तो माणूस म्हणजे शेड्युलरच.

आता त्या दुचाकीची गोष्ट आकड्यांत बघू. समजा आपल्याकडे ६४ कोअर आहेत. त्यांतल्या ४० कोअरवर एक जॉब चालू आहे, तो तीन तासांनी संपेल. रांगेत पहिल्या नंबरवर एक मोठा जॉब आहे, त्याला सगळे ६४ लागतात. म्हणजे तो तीन तास थांबणार, आणि तोवर उरलेले २४ कोअर रिकामे. त्याच्या मागे एक छोटा जॉब आहे : २० कोअर, दोन तास. शेड्युलर त्याला पुढे काढून लगेच चालवतो, कारण मोठ्याची वेळ येण्याआधी तो आटपलेला असेल. पण २० कोअर आणि पाच तास मागणारा कुणी आला, तर त्याला मात्र नाही. तो घुसला तर मोठ्याला दोन तास जास्त ताटकळावं लागेल. या रीतीला 'बॅकफिल' म्हणतात. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत ती रुळली आणि आज जगातल्या बहुतेक महासंगणकांवर कुठल्या ना कुठल्या रूपात ती चालते.

फेरीबोटीवर फक्त जागेची फट भरायची असते. इथे जागा आणि वेळ दोन्ही जुळावे लागतात, आणि वेळ किती लागेल हे वापरणाऱ्याने सांगायचं असतं. गोम आहे ती इथे. दोन तासांच्या कामाला माणूस 'असू द्या' म्हणून चोवीस तास लिहितो. कारण कमी लिहिलं आणि मुदत संपली, तर शेड्युलर जॉब मधेच मारतो. सगळ्यांनी असं वाढवून लिहिलं की शेड्युलरला कुठलीच फट भरता येत नाही. यंत्रं रिकामी आणि रांग लांब, असं विचित्र चित्र दिसतं. माझं विद्यार्थ्यांना सांगणं असतं की आधी काम लहान करून चालवा, वेळ मोजा, त्यावर थोडी सूट धरा आणि तेवढंच मागा. त्यात दुसऱ्यावर उपकार नाहीत. तुमचाच नंबर लवकर लागतो.

वेळ मागताना आणखी एक काळजी घ्यायची : मधला हिशेब साठवत राहायचा. हे मी स्वतः महागात शिकलो. जूनच्या पहिल्या वादळात वीज गेली तेव्हा माझा एक प्रोग्राम तीन दिवस चालून संपत आला होता. मधला एकही टप्पा डिस्कवर लिहिलेला नव्हता. वीज आल्यावर पुन्हा शून्यापासून. ठरावीक अंतराने काम जिथवर आलं तिथवरची स्थिती लिहून ठेवणं म्हणजे 'चेकपॉइंट'. ग्रिडमध्ये त्याचा आणखी एक उपयोग : एका यंत्रावरून काम उठवून दुसऱ्यावर बसवता येतं.

भारतात ग्रिडचा सगळ्यात मोठा प्रयोग मराठी मुलखातच रुजलेल्या संस्थेने केला. १९८८ साली विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सी-डॅक सुरू झालं, १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्याच सी-डॅकने पुढे 'गरुड' हे राष्ट्रीय ग्रिड उभारलं. पहिल्या टप्प्यात १७ शहरांतल्या ४५ संस्था जोडल्या गेल्या. पुढे माद्रिदच्या विद्यापीठात घडलेला ग्रिडवे हा शेड्युलर त्यावर आला, आणि वापरणाऱ्याची ओळख पटवून देण्यासाठी प्रमाणपत्र देणारी स्वतंत्र यंत्रणा सी-डॅकने बंगळूरात चालवली. ती ओळख महत्त्वाची. दुसऱ्या संस्थेच्या यंत्रावर कोण आलंय हे कळल्याशिवाय कोण दार उघडील?

यंत्रं जोडणं आणि सेवा देणं यांत अंतर असतं, आणि ते अंतर मुंबईत चांगलं दिसतं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जिनिव्हाच्या 'सर्न' प्रयोगशाळेतल्या सीएमएस प्रयोगासाठीचं ग्रिड केंद्र आहे. चाळीसहून अधिक देशांतली सुमारे १७० केंद्रं मिळून सर्नचं हे जाळं बनतं. तिथे 'आम्ही प्रयत्न करू' अशी भाषा नाही. केंद्रांच्या पातळ्या ठरलेल्या आहेत आणि करारात आकडा आहे : मुंबईच्या पातळीवरच्या केंद्राने वर्षभरात सरासरी ९५ टक्के वेळ उपलब्ध असलं पाहिजे. वरच्या पातळीवरच्या केंद्रांना काही सेवांसाठी ९९ टक्के. ऐकायला दोन्ही भरपूर वाटतात. हिशेब करा : ९५ टक्के म्हणजे वर्षात १८ दिवस बंद असलं तरी चालेल, ९९ टक्के म्हणजे जेमतेम साडेतीन दिवस. मधल्या चार टक्क्यांसाठी दुसरी वीजजोडणी, दुसरी नेटवर्कची वाट, रात्री जागणारी माणसं लागतात. आणि प्रत्येक केंद्राचा आकडा दर महिन्याला सगळ्यांसमोर मांडला जातो. माझ्या मते या जाळ्याची खरी ताकद त्या उघड्या आकड्यात आहे, यंत्रांच्या संख्येत नाही.

सगळ्यांचा दर्जा एकाच मापाने मोजता येत नाही, हेही ध्यानात घ्यावं. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचा डेटा चाळणाऱ्याला निकाल आज मिळाला काय आणि परवा मिळाला काय, बहुतेकदा फरक पडत नाही. त्याला भरपूर कोअर-तास हवेत. वादळाचं भाकीत करणाऱ्याचं मात्र उलटं. पहाटे साडेपाचच्या नोंदी हाती आल्या की ठरलेल्या तासांत गणित सुटलंच पाहिजे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडची घरं, नारळी-पोफळी झोडपून गेलं. अशा वेळी अचूक पण सहा तास उशिरा आलेलं भाकीत होडी ओढून घेणाऱ्याच्या काय कामाचं? पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेला २०१८ मध्ये 'प्रत्यूष' आणि २०२४ मध्ये 'अर्का' असे स्वतंत्र महासंगणक दिले गेले, त्यामागे हे कारण आहे : या कामाला रांगेत उभं करून चालत नाही.

मग ज्याला मुदत आहे आणि ज्याला नाही, दोघांना एकाच ग्रिडमध्ये कसं नांदवायचं? ऑस्ट्रेलियात राजकुमार बुय्या, डेव्हिड अब्रॅमसन आणि सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास 'निमरॉड-जी' मध्ये बाजाराची रीत वापरून पाहिली. वापरणाऱ्याने दोनच गोष्टी सांगायच्या : कधीपर्यंत हवं आणि किती खर्च करायची तयारी आहे. यंत्रांचे भाव वेळेप्रमाणे बदलतात. घाई नसलेल्याने रात्रीची स्वस्त यंत्रं घ्यावीत, घाई असलेल्याने जास्त मोजावं. आजच्या क्लाउडचे दर बघितले की या विचाराचा वंश लगेच ओळखू येतो. मला मात्र सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या यंत्रांवर निव्वळ भावाने वाटप पटत नाही. तिथे 'फेअर-शेअर' बरं : गेल्या काही दिवसांत ज्याने जास्त वापरलं त्याचा नंबर आपोआप खाली, ज्याला मिळालं नाही त्याचा वर. छोट्या महाविद्यालयातल्या पोराला त्याशिवाय मोठ्या संस्थांच्या गर्दीत जागा मिळायची नाही.

त्या पोरांसाठीच शेवटचं. वेळणेश्वरला २०१२ पासून विद्या प्रसारक मंडळाचं महर्षि परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशी महाविद्यालयं आता कोकणात ठिकठिकाणी आहेत. कुठल्याही महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा संध्याकाळी कुलूपबंद होते. समजा चाळीस यंत्रं, प्रत्येकी चार कोअर, रात्रीचे चौदा तास : २२४० कोअर-तास रोज वाया. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मिरॉन लिव्हनी यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेलं 'काँडर', आताचं एचटीकाँडर, नेमकं यासाठीच आहे. यंत्र रिकामं दिसलं की ते त्यावर काम बसवतं, मालकाने कीबोर्डला हात लावला की पाहुण्यासारखं उठून जागा देतं. ते विनामूल्य मिळतं.

तुमच्या सरांची परवानगी घ्या आणि दहा यंत्रांवर लावून बघा. पण लावण्याआधी एका कागदावर लिहून काढा : कुणी किती वापरायचं, मुदतीचं काम कुठलं, यंत्रं किती वेळ उपलब्ध राहतील. तो कागद प्रयोगशाळेच्या दारावर लावा. महिनाभर रोज नोंद ठेवा, किती जॉब आले, किती सांगितलेल्या वेळेत झाले, किती मधेच मेले आणि कशाने. महिनाअखेर उपलब्धतेचा आकडा काढा आणि मला कळवा. ९५ च्या खाली आला तरी कळवा.