पांढऱ्या साडीतली राधा

'शोले'मधल्या राधाच्या साडीचा रंग कोणता, असं कुणालाही विचारून बघा. 'पांढरा' असं उत्तर लगेच येईल. आता बसंतीच्या घागऱ्याचा रंग विचारा. टांगा आठवेल, धन्नो आठवेल, बडबड तर आठवेलच, पण रंग? कुणी लाल म्हणेल, कुणी हिरवा. सिनेमाभर रंगीबेरंगी कपड्यांत वावरणारी बसंती रंगाने लक्षात राहत नाही आणि जेमतेम चार वाक्यं बोलणारी राधा मात्र तिच्या साडीसकट लक्षात राहते. मैत्रिणींनो, हे आपोआप होत नाही. कुणीतरी ते ठरवून केलेलं असतं.

'शोले' आला १५ ऑगस्ट १९७५ला. दिग्दर्शक रमेश सिप्पी, आणि कॅमेरा द्वारका दिवेचा यांचा. बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकाळ माळावर रामगढ उभं केलं होतं. त्यामुळे सगळा सिनेमा मातकट, तपकिरी, धुळीच्या रंगाचा. त्यात तो संध्याकाळचा प्रसंग आठवा. खाली पायरीवर बसून जय माउथऑर्गन वाजवतोय आणि वर राधा एकेक दिवा मालवत चालली आहे. एक शब्द नाही. दोन-तीन मिनिटांचा हा प्रसंग, पण तो टिपायला जवळजवळ वीस दिवस लागले. कारण त्यांना हवा होता तो उजेड सूर्य बुडाल्यावर अगदी थोडाच वेळ राहतो. आपण त्याला तिन्हीसांजा म्हणतो. आभाळ निळसर झालेलं असतं, पण अंधार पडलेला नसतो. तेवढ्या वेळात एखाद-दुसरा शॉट घ्यायचा, की मग दुसऱ्या दिवसाची वाट बघायची!

एवढा खटाटोप कशासाठी? निळा आणि पिवळा-नारिंगी हे एकमेकांच्या विरुद्ध रंग. हिरव्या साडीला लाल काठ कसा उठून दिसतो, तसं निळ्या सांजेत दिव्याचा पिवळा ठिपका उठून दिसतो. राधा तो ठिपकाही विझवते, आणि मागे उरतं ते थंड निळं आणि तिची पांढरी साडी. बाईच्या आयुष्यात काय झालंय, हे संवाद न लिहिता कळतं.

पांढरा कपडा कॅमेऱ्यापुढे तसा कटकटीचाच. फार शुभ्र असला की पडद्यावर डोळ्यांवर येतो, घड्या-चुण्या दिसेनाशा होतात. म्हणून तो चहाच्या पाण्यात बुडवून किंचित मळकट करून घ्यायची युक्ती सिनेमावाले वापरत आले आहेत. पण पांढऱ्याचा एक मोठा गुणही आहे. तो भोवतीच्या उजेडाचा रंग घेतो. दिव्यापाशी पिवळसर दिसतो, सांजेला निळसर. राधाची साडी म्हणून मुकाट्याने सगळं सोसणारी वाटते.

मग रामलाल जयला राधाची जुनी गोष्ट सांगतो. तीच राधा, होळी खेळणारी, रंगात न्हालेली, तोंडाला खळ नसलेली. हे आपल्याला कळतं तेव्हा ती पांढरी साडी आणखी पांढरी दिसायला लागते. आधी रंग दाखवला असता आणि मग पांढरा, तर आपण नुसतं हळहळलो असतो. इथे उलटा क्रम आहे, त्यामुळे चटका बसतो.

आता एक गंमत बघा. ही पांढरी साडी आपली आहे का हो? आपल्याकडच्या सोवळ्या बायका नेसायच्या ते आलवण तांबडं असायचं. केशवपन केलेलं डोकं त्या तांबड्या पदराने झाकलेलं. ज्यांनी आजी-पणजीच्या गोष्टी ऐकल्या आहेत त्यांना ते माहीत असेल. म्हणजे आपल्याकडे दुःखाचा रंग चक्क लाल होता! उत्तरेकडची, बंगालकडची पांढरी साडी आपल्याही मनात इतकी पक्की बसली, त्यात हिंदी सिनेमाचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. 'कटी पतंग'मधली आशा पारेख तर खरी विधवा नसतेच, मैत्रिणीला दिलेल्या शब्दासाठी तिच्या नावाने राहत असते. पण एकदा पांढरी साडी नेसली, की होळीच्या गाण्यात तिने बाजूला उभं राहायचं. कापड बदललं की माणूसच बदललं!

त्याआधी, १९३७ साली, प्रभातचा 'कुंकू' आला होता. नावातच लाल रंग, आणि सिनेमा कृष्णधवल. शांता आपटेच्या कपाळावर दिसत होती ती गडद टिकली. लाल रंग प्रेक्षकांनी आपापल्या मनातून भरला असणार. आपल्या बायकांना तो भरायला कोण शिकवणार?

'शोले'वर माझा जुना राग आहे. ठाकूर सुनेच्या पुनर्विवाहाची गोष्ट तिच्या वडिलांकडे काढतो, ते तयार होतात, आपण सुखावतो आणि लगेच जय मरतो. राधा खिडकी लावून घेते. सांजेतला दिवा विझवण्यासाठी वीस दिवस खर्च करणाऱ्यांना तिला एक रंगीत साडी देता आली नाही. आपल्या सिनेमांनी विधवेला उंबरठ्यापर्यंत आणून कितीदा मागे ढकललं, ते तुम्हीच मोजा.

नंतरच्या काहींनी वेगळं केलं. दीपा मेहतांचा 'वॉटर' (२००५) १९३८च्या काळातला. वाराणसीत २०००मध्ये चित्रीकरण बंद पाडलं गेलं, म्हणून पुढे तो श्रीलंकेत चित्रित झाला. सगळा सिनेमा निळ्या-हिरव्या, पाण्याच्या छटांचा, त्यात विधवाश्रमातल्या पांढऱ्या साड्या. आणि मग याच बायका आश्रमाच्या अंगणात होळी खेळतात. बाहेरचा कुणी नायक येऊन रंग लावत नाही, त्या एकमेकींनाच लावतात. मला हा फरक फार मोठा वाटतो. एका म्हातारीला लहानपणी लग्नात खाल्लेली मिठाई आठवत राहते. तिच्यासाठी छोटी चुईया लाडू आणते. त्या फिकट घरात तो पिवळा लाडू केवढा दिसतो!

नागेश कुकुनूरच्या 'डोर'मध्ये (२००६) तर पांढरं नाहीच. राजस्थानातली तरुण मीरा नवरा गेल्यावर गडद निळ्या कपड्यांत जाते. पिवळ्या वाळूत तो निळा रंग असा दिसतो, जणू कुणी शाईचा डाग पाडलाय. शेवटी ती धावत जाऊन झीनतचा हात धरते आणि आगगाडीत चढते. कुणाशी लग्न करून नव्हे हं!

आता पांढरी साडी कोण नेसतं, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. पण ठरावात न मावणारं बरंच काही दुकानाच्या गादीवर घडतं. आमच्या बचत गटातल्या एकीचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. परवा तिच्याबरोबर साडी घ्यायला गेले होते. दुकानदाराने न विचारताच मोतिया, राखाडी, फिकट जांभळ्या अशा साड्यांचा ढीग लावला. माणूस वाईट नाही, उलट फार अदबीने एकेक उलगडून दाखवत होता. ती 'छान आहे, छान आहे' म्हणत होती आणि हात कशालाच लावत नव्हती.

तिची बारावीतली मुलगी म्हणाली, "काका, ती वरच्या फळीवरची डाळिंबी काढा ना."

साडी सध्या फॉल-बिडिंगला टाकलीय.