हिरवे बटण सोडल्यावरही मोटार का चालते?



भात झोडून झाले, वालाची पेरणी आटोपली. आता सावित्री, काळ, गांधारीच्या काठावर मोटारी सुरू होतील. चार महिने बंद असलेल्या स्टार्टरच्या पेटीत ओल धरते, पाली अंडी घालतात, मुंग्या कॉन्टॅक्टरमध्ये शिरतात. म्हणून आज खत-फवारणी नाही, स्टार्टर. वायरिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. पण त्याने काय जोडले, हे आपल्यालाही कळायला हवे.

पेटीत दोन वाटा असतात. जाड वायरींची वाट सोपी: तीन फेज कॉन्टॅक्टरमधून, तिथून ओव्हरलोड रिलेतून मोटारीला. गोंधळ होतो तो बारीक वायरीत. ४१५ व्होल्टची कॉइल असेल तर एक फेज आधी छोट्या फ्यूजमधून, मग रिलेच्या ९५-९६ मधून, मग लाल बटणातून, मग हिरव्या बटणातून कॉइलच्या ए१ वर येतो. ए२ वर दुसरा फेज थेट येतो. कॉइल २४० व्होल्टची असेल तर ए२ ला न्यूट्रल लागतो. ती दोन फेजवर जोडली तर जळते, म्हणून कॉइलवरचा आकडा आधी वाचा.

हिरवे बटण आपण क्षणभरच दाबतो. मग कॉइल धरून कोण ठेवते? कॉन्टॅक्टरचाच एक छोटा कॉन्टॅक्ट, १३-१४. तो हिरव्या बटणाच्या दोन टोकांना जोडलेला असतो. कॉन्टॅक्टर खट्‌कन ओढला की हा मिटतो आणि कॉइलला लाईट चालू राहते. लाईट गेली की सुटतो, आणि परत आली तरी कुणी बटण दाबेपर्यंत मोटार उठत नाही.

आपल्याकडे बरेच जण नेमके हेच मोडतात. हिरव्या बटणाच्या दोन वायरी एकत्र पिळल्या की झाले 'ऑटो'. रात्री लाईट येते, कोण उठून जाणार, हे मान्य. पण लाईट नाही म्हणून कुणी पाण्यात उतरून फूटव्हॉल्व्ह साफ करत असेल किंवा कपलिंगला हात लावून असेल, आणि तेवढ्यात लाईट आली तर? शिवाय डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, डीपी जळतो आणि सगळी आळीच पाण्यावाचून बसते. महावितरण 'ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा' असे सांगते ते याचसाठी. ऑटो हवेच असेल तर तिन्ही फेज तपासून, थोडे थांबून चालू करणारे तयार युनिट घ्या.

एक खूण लक्षात ठेवा. मोटार बंद करणारे सगळे एका ओळीत, चालू करणारे बाजूने. विहिरीजवळ दुसरे लाल बटण हवे असेल तर ते पहिल्या लाल बटणाच्या ओळीत येते. सिंगल फेज प्रिव्हेंटरही ओळीतच. तो हवाच, कारण कॉइल दोनच फेजवर असते. तिसरा फेज गेला तरी कॉन्टॅक्टर सुटत नाही, मोटार मात्र तापत राहते. १३-१४ ची वायर चुकून लाल बटणाच्या आधी जोडली गेली, तर लाल दाबूनही मोटार बंद होत नाही.

हंगामाआधी वायरमनला मोटारीच्या तीन वायरी सोडायला सांगा आणि त्याच्यासमोर बघा. हिरवे दाबून सोडले, कॉन्टॅक्टर धरून राहिला पाहिजे. लाल दाबले, सुटला पाहिजे. पुन्हा चालू करून रिलेचे टेस्ट बटण दाबा, तेव्हाही सुटला पाहिजे. शेवटी चालू असताना मेन स्विच बंद करून परत द्या. कॉन्टॅक्टर आपोआप ओढला तर कुठेतरी ऑटो आहे, ते काढून घ्या. रिलेचा काटा मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरवर ठेवा. सारखा ट्रिप होतो म्हणून वाढवू नका, कारण शोधा.

आणि लाल बटण दाबले म्हणजे पेटी मेली असे नाही. कॉन्टॅक्टरच्या वरच्या तिन्ही टोकांवर लाईट असतेच. झाकण उघडण्याआधी मेन बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा, टेस्टर लावा. २२ जुलै २०२१ च्या पुरासारखे पाणी पेटीत शिरले असेल तर नुसती सुकवून चालू करू नका. कॉन्टॅक्टर आणि रिले आधी वायरमनकडून तपासून घ्या.

आपल्या पेटीत ऑटो आहे का, एवढे आज पाहून ग्रुपवर 'आहे' किंवा 'नाही' कळवा. 'आहे' वाल्यांची गावनिहाय यादी करून वायरमनला एकाच फेरीत पाठवता येईल का ते बघू.