संगणकाची नवी कारभारीण

आमच्या शाळेतला संगणक लय जुना आहे. त्यात विंडोज १० होती. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ ला तिची नेहमीची फुकट दुरुस्ती थांबवली. विंडोज ११ ला निदान ४ जीबी रॅम लागते, आमच्या संगणकात २ च. मग काय, भंगारात द्या म्हणे! पण गुरुजींनी त्यात लिनक्स टाकली.

विंडोज, लिनक्स यांना कार्यप्रणाली म्हणतात. ती संगणकाची कारभारीण. माऊस, कळफलक, पडदा सगळ्यांना तीच कामाला लावते. लिनक्सची सुरुवात फिनलंड देशातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली केली. ती फुकट मिळते. आपल्या सी-डॅक संस्थेने तिच्यावरूनच २००७ साली 'बॉस' नावाची प्रणाली काढली.

एका मुलाच्या मामाने यवतमाळहून गेम खेळायचा रिमोट आणला. त्याला दोन दांड्या न् पुष्कळ बटणे. वायर खोचली की कारभारीण विचारते, तू कोण? रिमोट आपला नंबर सांगतो. हजेरीच समजा. तो नंबर चालवायची रीत तिला ठाऊक असली तर रिमोट चालतो, नाहीतर नुसता पडून राहतो. लिनक्सला अशा पुष्कळ रीती आधीच ठाऊक असतात. आमचा चालला! सुपरटक्स गेममध्ये पेंग्विन उड्या मारतो. पेंग्विन हे लिनक्सचेच चिन्ह आहे.

लाइन अचानक गेली तर पुन्हा सुरू होताना कारभारीण आधी डिस्क तपासते. तेव्हा कधी कधी उशीर लागतो. मधेच बटण दाबू नका.