अर्धा इंच म्हणजे एक फूट

मोठ्या प्रमाणाची विमानप्रतिकृती म्हणजे लहान प्रतिकृतीचीच फुगविलेली आवृत्ती, असा अनेकांचा समज असतो. दुकानाच्या काचेमागे दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेल्या पाहिल्या म्हणजे तसे वाटणे साहजिकच आहे. परंतु लहान प्रतिकृती करण्यासाठी विमानाचा आकार ठाऊक असला म्हणजे पुरते; मोठी करावयाची तर ते विमान कसे चालत असे, त्यात माणूस कसा बसत असे आणि ते कोणत्या दिवशी कोणत्या अवस्थेत होते, एवढे सारे ठाऊक करून घ्यावे लागते. हा फरक विद्यार्थिवाचकांच्या ध्यानी यावा म्हणून एकच उदाहरण घेऊन तो सांगण्याचे येथे योजिले आहे.

प्रथम थोडे अंकगणित. प्रतिकृतींच्या जगात १/७२ हे प्रमाण फार रूढ आहे. या प्रमाणात सहा फूट उंचीचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. मोठ्या प्रतिकृतींसाठी १/३२ व १/२४ ही प्रमाणे वापरतात. १/२४ मध्ये अर्धा इंच म्हणजे एक फूट, आणि तोच माणूस तीन इंचांचा. लांबी तिप्पट झाली की पृष्ठभाग नऊपट होतो आणि घनफळ सत्तावीसपट, हे भूमितीच्या तासाला आपण शिकतोच. कारागिराचे काम मात्र त्याहूनही अधिक वाढते. कारण जे पूर्वी दिसतच नव्हते ते आता दिसू लागते.

१/७२ या प्रमाणाचा शाळांशी एक जुना संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या आरंभी, अमेरिकेच्या नौदलाने तेथील माध्यमिक शाळांतील मुलांकडून पाच लाख लाकडी विमानप्रतिकृती मागविल्या. विमान शत्रूचे की आपले, हे क्षणार्धात ओळखण्याचे शिक्षण सैनिकांना व खलाशांना द्यावयाचे होते, त्यासाठी त्या हव्या होत्या. त्या सगळ्या १/७२ प्रमाणाच्या आणि काळ्या रंगाच्या. अशी प्रतिकृती पस्तीस फुटांवर टांगली की ती सुमारे अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढी भासते; पस्तिसाला बहात्तरांनी गुणून पाहावे. तेथे काच नको, आसन नको, यंत्र नको. बाह्यरेषा अचूक असली की काम भागले. मोठ्या प्रतिकृतीचे काम ही बाह्यरेषा साधल्यानंतर सुरू होते.

आपले उदाहरण आहे स्पिटफायर. रेजिनाल्ड मिचेल या इंग्रज अभियंत्याने आरेखित केलेले हे लढाऊ विमान ५ मार्च १९३६ रोजी प्रथम उडाले. पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, मिचेल निवर्तला. आपल्या विमानाचे युद्धातील कर्तृत्व त्याने पाहिले नाही. पुढे ही विमाने वीस हजारांहून अधिक बांधली गेली. १९७० साली एअरफिक्स कंपनीने १/२४ प्रमाणाचा आपला पहिला संच बाजारात आणला तो याच विमानाचा. खऱ्या विमानाच्या पंखांची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी ३६ फूट १० इंच. १/७२ मध्ये ती सहा इंचांहून किंचित अधिक भरते, तर १/२४ मध्ये जवळजवळ साडेअठरा इंच. एवढे विमान पुस्तकांच्या कपाटात मावत नाही, ही गोष्ट घरच्या मंडळींना आधीच सांगून ठेवलेली बरी.

कामाचा आरंभ कॉकपिटपासून करावा लागतो, कारण धडाचे दोन अर्ध एकदा जोडले की आत हात जात नाही. येथेच पहिला प्रश्न उभा राहतो. हौशी कारागीर पुष्कळदा वैमानिकाच्या पायांखाली सपाट जमीन करून टाकतात. स्पिटफायरला अशी जमीन नव्हतीच. सुकाणूच्या पायट्यांमागे टाचा सरकविण्यासाठी दोन अरुंद पट्ट्या होत्या आणि त्यांच्या खाली विमानाचा उघडा तळ. वैमानिकाच्या हातून पेन्सिल निसटली तर ती थेट तळाशी जाई. आसनाचाही असाच प्रकार आहे. आतील भागाला करडा-हिरवा रंग असे, म्हणून आसनही त्याच रंगाने रंगविले जाते. परंतु अनेक स्पिटफायरांतील आसन राळेत मुरवून दाबलेल्या कागदाचे होते आणि त्याचा रंग तांबूस तपकिरी असे. धातूची बचत व वजनाची बचत, दोन्ही त्यात साधत. ही गोष्ट ठाऊक असणाऱ्याने रंगविलेले कॉकपिट पाहताच ओळखू येते.

समोरच्या फळीवर उंची, वेग, दिशा इत्यादी दाखविणाऱ्या सहा मुख्य तबकड्या दोन ओळींत मांडलेल्या असत. तीन इंच व्यासाची तबकडी १/२४ मध्ये एक अष्टमांश इंचाची होते. तिच्यावर आकडे लिहिणे मानवी हाताला शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. फळीला आधी पांढरा रंग द्यावा, तो पूर्ण वाळल्यावर काळा. मग सुईच्या टोकाने काळा रंग अलगद खरवडला की पांढऱ्या खुणा उमटतात. शेवटी प्रत्येक तबकडीवर पारदर्शक व्हार्निशचा एकेक थेंब सोडला म्हणजे काच बसविल्याचा भास होतो. खांद्यावरचे पट्टे औषधाच्या संपलेल्या नळीच्या मऊ पत्र्याचे कापावेत. कागदाचा पट्टा ताठ उभा राहतो. पत्र्याचा पट्टा माणूस नुकताच उठून गेल्यासारखा आसनावर लोळतो.

उजव्या बाजूस चाके वर घेण्याचा दांडा असे. आरंभीच्या स्पिटफायरांत चाके वर घेण्यासाठी वैमानिकाला हाताने पंप मारावा लागे. उड्डाण होताच उजव्या हातातील नियंत्रणदांडा डाव्या हातात घ्यावयाचा आणि उजव्याने पंप हलवावयाचा. एक हात हलला की दुसराही नकळत हले आणि विमान लाटांवरच्या होडीसारखे खालीवर होत जाई. पुढे हे काम यंत्राकडे सोपविले गेले. तेव्हा आपल्या प्रतिकृतीत पंपाचा लांब दांडा ठेवावयाचा की नाही, हे आपण कोणत्या महिन्यातले विमान करीत आहोत यावर ठरते. मोठ्या प्रतिकृतीत असे प्रश्न पदोपदी येतात. ‘स्पिटफायर’ एवढे उत्तर पुरत नाही. कोणते, कोणाचे आणि केव्हाचे, हे आधी ठरवावे लागते.

आपल्या हैदराबादेतील वाचकांसाठी ही निवड सोपी आहे. युद्धकाळी ब्रिटनच्या वायुदलातील काही तुकड्यांना संस्थानिकांच्या देणग्यांमुळे संस्थानांची नावे मिळाली. १५२ क्रमांकाच्या तुकडीचे अधिकृत नावच ‘हैदराबाद’ होते आणि तिच्या बोधचिन्हात निजामाचे शिरोभूषण होते. १२४ क्रमांकाच्या तुकडीला बडोद्याचे नाव होते. तिच्या चिन्हावर मुंगूस होते. देणगी संस्थानिकांची म्हटली तरी पैसा अखेर रयतेचाच, आणि रयतेला कोणी विचारले नव्हते, हेही येथे नमूद केले पाहिजे. हैदराबाद तुकडी १९४० च्या उन्हाळ्यात दक्षिण इंग्लंडमधील वॉर्मवेल येथून पहिल्या पिढीची स्पिटफायरे उडवीत होती. म्हणजे आपल्या संचातील विमान नेमके तेच. त्यांच्या धडावर ‘यू’ आणि ‘एम’ ही तुकडीची अक्षरे असत.

आता इंजिन. रोल्स-रॉइसचे मर्लिन, बारा सिलिंडरांचे, सहा-सहांच्या दोन रांगा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या मांडलेल्या, एकूण धारणा २७ लिटर. मर्लिन हे एका लहान ससाण्याचे नाव आहे. संचात इंजिनाचे ठोकळे मिळतात, पण त्यांना जोडणाऱ्या तारा व नळ्या बहुधा मिळत नाहीत. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे एकूण चोवीस. प्रत्येकाला स्वतंत्र तार. जुन्या विजेच्या वायरीतील तांब्याचे बारीक तंतू यासाठी उत्तम. बिनकामाचा रेडिओ उघडला तर वर्षभराची तरतूद होते. एवढ्या श्रमाने सजविलेले इंजिन झाकून टाकण्यास मन घेत नाही, म्हणून पुष्कळ जण नाकावरचे सारे पत्रे उघडे ठेवतात. माझ्या मते ते योग्य नव्हे. स्पिटफायरचे सौंदर्य नाकापासून शेपटापर्यंत वाहत गेलेल्या एका अखंड रेषेत आहे. ती तोडून आत काय मिळवावयाचे? एका बाजूचा पत्रा उघडा ठेवावा आणि दुसरी बाजू मिटलेली असावी, हा मध्यम मार्ग बरा.

पत्रा उघडा ठेवला की जाडीचा प्रश्न येतो. खऱ्या विमानाचा पत्रा एक मिलिमीटर जाडीचा धरला तर १/२४ मध्ये तो एक मिलिमीटरचा चोविसावा भाग, म्हणजे जवळजवळ कागदाहून पातळ, व्हावयास हवा. संचातील प्लास्टिक सव्वा मिलिमीटरच्या घरात असते. हिशेब उलटा केला तर ते तीन सेंटिमीटर जाडीच्या चिलखतासारखे ठरते, आणि डोळ्यांना ते लगेच खटकते. उपाय एकच: उघड्या राहणाऱ्या प्रत्येक कडेला आतून पॉलिशपेपरने घासून धार आणावयाची. सबंध भाग पातळ करण्याची गरज नाही, कडा पातळ दिसली की पुरे. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय नाही.

रिव्हेटांविषयी एक मनोरंजक हकीकत आहे. पत्रे जोडण्यासाठी पृष्ठभागाशी सपाट बसणारे रिव्हेट वापरावेत की गोल माथ्याचे, असा प्रश्न निर्मात्यांपुढे होता. सपाट रिव्हेट बसविण्यास वेळ व पैसा अधिक लागतो. म्हणून त्यांनी सपाट रिव्हेटांच्या डोक्यांवर वाटाण्याच्या डाळीचे दाणे गोंदाने चिकटविले आणि विमान उडवून पाहिले. सगळीकडे दाणे असताना वेग ताशी २२ मैलांनी घटला! मग थोडे थोडे दाणे काढीत पुन्हा पुन्हा उड्डाणे केली आणि कोठे गोल माथे चालतील हे ठरविले. त्यामुळे पंखांवर सपाट रिव्हेट आणि धडाच्या मागील भागी गोल माथ्याचे, अशी या पिढीच्या विमानांची रचना झाली. प्रतिकृतीच्या पंखांवर उठून दिसणारे दाणे घासून टाकावेत आणि मागच्या धडावरचे राखावेत, याचे कारण हे.

पंखांत एक सूक्ष्म पीळ आहे. मुळाशी पंखाचा पुढचा काठ दोन अंश वर उचललेला असतो, तर टोकाशी तो अर्धा अंश खाली झुकलेला असतो. त्यामुळे हवेची पकड सुटू लागली तर ती पंखाच्या मुळाशी आधी सुटते, टोकाशी नंतर; आणि वैमानिकाला इशारा मिळतो. वरचे व खालचे भाग चिकटविताना घाईने जड पुस्तकाखाली दाबून ठेवले तर हा पीळ सपाट होऊन जातो. चिकटद्रव्य प्लास्टिकला विरघळवून जोडते. त्याचा वास श्वासात जाऊ नये म्हणून खिडकी उघडी ठेवूनच हे काम करावे, आणि लहान भावंडांना दूर बसवावे.

पंखांच्या पुढच्या काठावर आठ मशीनगनांची तोंडे होती, आणि उड्डाणापूर्वी त्यांवर लाल लेपाच्या कापडाचे तुकडे चिकटवीत, आत थंडी व धूळ जाऊ नये म्हणून. पहिल्याच गोळीने ते फाटत. विमान परतताना जमिनीवरचे लोक प्रथम हेच पाहत. लाल तुकडे शाबूत असले तर गाठ पडली नाही. फाटलेले असले आणि पंखाखाली काजळीचे पट्टे असले तर लढाई झाली. प्रदर्शनांतून अशा प्रतिकृती दिसतात की ज्यांत तुकडेही शाबूत आणि काजळीही भरपूर! कारागिराने रंग दिला, विचार केला नाही.

रंगाविषयी थोडक्यात सांगतो. वरून गडद हिरवा व मातकट तपकिरी यांचे पट्टे. खालून १९४० च्या जूनपूर्वी अर्धे विमान काळे, अर्धे पांढरे, आणि त्यानंतर फिकट हिरवट निळा. खऱ्या विमानाचा रंग जसाच्या तसा लहान वस्तूवर दिला तर तो अधिक गडद भासतो, म्हणून त्यात चिमूटभर पांढरा मिसळावा. वैमानिक डाव्या बाजूच्या लहान दारातून आत चढे, तेव्हा डाव्या पंखाच्या मुळाशी रंग झिजलेला दाखवावा. इतरत्र हात आवरावा. सारे विमान खरचटलेले, गंजलेले दाखविण्याची आजकाल प्रथा पडली आहे. परंतु त्या उन्हाळ्यातील कित्येक विमाने काही आठवड्यांतच नष्ट झाली. जुने होण्याइतके आयुष्य त्यांना मिळाले नाही, आणि त्यांत बसणाऱ्या विशी-बाविशीच्या पुष्कळ तरुणांनाही नाही.

सर्वांत शेवटी आकाशवाहिनीची तार. संचाचे भाग ज्या प्लास्टिकच्या काडीला लागून येतात ती काडी मेणबत्तीच्या ज्योतीपासून किंचित वर धरून मऊ करावी आणि दोन्ही हातांनी संथपणे ओढावी. केसाएवढा धागा निघतो. कॉकपिटमागील खांबापासून सुकाणूच्या टोकापर्यंत तो ताणावा. पण तो ताणावा का? १९४० च्याच उत्तरार्धात नवी बिनतारी यंत्रे बसली आणि ही तार निघून गेली. ज्या छायाचित्रावरून आपण विमान करीत आहोत त्यात ती दिसते की नाही, हे भिंगाखाली पाहून मगच धागा ओढावा.

दिल्लीच्या सहलीत पालम येथील वायुदलाच्या संग्रहालयात आपल्या देशाचे एक स्पिटफायर पाहावयास मिळते. १९४७ च्या काश्मीरच्या लढाईत भारतीय वायुदलाची स्पिटफायरे लढली होती. मात्र पालमचे विमान कितीतरी पुढच्या पिढीचे, अठराव्या क्रमांकाचे आहे: इंजिन मर्लिन नव्हे तर ग्रिफन, प्रोपेलरला तीन नव्हे तर पाच पाती, आणि काचेचे छत बुडबुड्यासारखे. त्यावरून १९४० च्या प्रतिकृतीचे तपशील उचलू नयेत. पंख मात्र टोकाच्या बाजूने, एक डोळा मिटून, जरूर पाहावा. तो अडीच अंशांचा पीळ उघड्या डोळ्यांना दिसतो.